बटण एक, कान किती?



लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग चालू आहे. मीटिंगची खिडकी मागे टाकून तुम्ही समोर एक्सेलची फाइल उघडली आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. तुम्ही घाईघाईने माइक बंद करायचा शॉर्टकट दाबता, आणि माइक बंद होतो. एक्सेलच्या रकान्यात काहीही उमटत नाही, फाइल होती तशीच राहते.

रोजचीच गोष्ट, म्हणून त्यात काही विशेष वाटत नाही. पण जरा विचार करा. बटणं दाबली तेव्हा समोर होतं एक्सेल. मग मागे, नजरेआड बसलेल्या प्रोग्रामला ती ऐकू गेली कशी? आणि त्याला ही दोन-तीन बटणं ऐकू जात असतील, तर बाकीचीही जात असतील का? म्हणजे एक्सेलमध्ये भरलेले पगाराचे आकडे, नंतर बँकेच्या साइटवर टाकलेला पासवर्ड, बहिणीला लिहिलेली खासगी ईमेल?

या दुसऱ्या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोनपैकी कुठला रस्ता धरला, यावर ते अवलंबून असतं. आजचा लेख त्या दोन रस्त्यांबद्दल. तुम्ही हे फोनवर वाचत आहात याची मला कल्पना आहे. फोनकडेही येऊच. पण घरात एखादा लॅपटॉप असतोच, मुलांच्या अभ्यासाचा नाहीतर ऑफिसचा, म्हणून सुरुवात तिथून.

आधी बटणाचा प्रवास बघू. आपण कीबोर्डवर बटण दाबतो तेव्हा त्या बिचाऱ्या कीबोर्डला 'क' ठाऊक नसतो आणि 'के'ही नाही. कुठल्या जागेवरचं बटण खाली गेलं, त्याचा एक क्रमांक तो पाठवतो. बोट उचललं की सुटल्याचाही निरोप पाठवतो. तो निरोप पोचतो ऑपरेटिंग सिस्टीमकडे, म्हणजे बहुतेकांच्या घरी विंडोजकडे. भाषा इंग्रजी निवडलेली असेल तर विंडोज त्याचा 'के' करतं, मराठी इनस्क्रिप्ट असेल तर 'क'. आणि मग ते अक्षर एकाच खिडकीच्या हातात देतं, जी त्या क्षणी समोर आहे तिच्या. मागच्या खिडक्यांना पत्ताही लागत नाही. पोस्टमनसारखंच आहे हे. ज्याच्या नावाचं पत्र, त्याच्याच दारात पडतं.

पण काही प्रोग्रामना मागे असतानाही एखादं बटण कळावं लागतं. माइक बंद करणारा, स्क्रीनचा फोटो काढणारा, गाणं पुढे ढकलणारा. अशा शॉर्टकटला ग्लोबल शॉर्टकट म्हणतात. ग्लोबल म्हणजे जगभर चालणारा असं काही नाही. त्या एका संगणकावर, समोर काहीही उघडं असलं तरी चालतो, एवढंच.

आता पहिला रस्ता. प्रोग्राम सुरू होतानाच विंडोजकडे जातो आणि सांगतो, 'कंट्रोल, शिफ्ट आणि एम ही तिन्ही बटणं कुणी एकत्र दाबली तर मला कळवा.' विंडोज आपल्या वहीत बघतं. हे त्रिकूट आधी कुणी घेतलेलं नसेल तर नोंद करतं. त्यानंतर तुम्ही ते दाबलंत, की विंडोज त्या प्रोग्रामला एक छोटा निरोप पाठवतं आणि समोरच्या खिडकीला अक्षर देतच नाही. म्हणून एक्सेलच्या रकान्यात काही उमटत नाही. या रस्त्यात महत्त्वाचं हे, की प्रोग्रामला त्याने नोंदवलेलं त्रिकूट सोडून दुसरं काहीही कळत नाही. तुम्ही दिवसभर हजारो अक्षरं टाइप करा, तो आपल्या निरोपाची वाट बघत गप्प बसलेला असतो.

दुसरा रस्ता वेगळा आहे. त्यात प्रोग्राम नोंद वगैरे करत नाही. तो विंडोजला म्हणतो, 'येणारं प्रत्येक बटण आधी मला दाखवा. माझ्या कामाचं असेल तर मी घेईन, नसेल तर पुढे सोडेन.' याला हुक म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण वाटेत गळ टाकून बसायचाच हा प्रकार. पोस्टमनच्या भाषेत सांगायचं तर आपलं पत्र आलंय का हे बघायला कुणीतरी रोज गल्लीची अख्खी थैली ओट्यावर उलटी करून घेतो, एकेक पाकीट हातात धरून बघतो आणि परत थैलीत टाकतो. तो माणूस प्रामाणिकही असेल. पण पाकिटं त्याच्या हातातून जातात, हे खरं.

बाहेरून बघणाऱ्याला मात्र दोन्ही रस्ते सारखेच दिसतात. बटण दाबलं, काम झालं. आतमध्ये कुठला रस्ता वापरलाय हे विंडोज तुम्हाला सांगत नाही आणि हुक लावण्याआधी तुमची परवानगीही विचारत नाही.

यातून काय होऊ शकतं याचं एक खरं उदाहरण आहे. मे २०१७ मध्ये मॉडझीरो नावाच्या स्विस सुरक्षा कंपनीने जाहीर केलं, की एचपीच्या अनेक लॅपटॉपांमध्ये, त्यात एलिटबुक आणि प्रोबुकसारखी ऑफिसांत सर्रास दिसणारी मॉडेलंही होती, आवाजाच्या ड्रायव्हरसोबत आलेला एक छोटा प्रोग्राम माणसाने दाबलेलं प्रत्येक बटण एका फाइलमध्ये लिहून ठेवतोय. प्रोग्रामचं नाव माइकट्रे. तो आवाजाची चिप बनवणाऱ्या कोनेक्झंट या कंपनीचा होता. त्याचं काम काय, तर माइक बंद-चालू करण्याचं बटण दाबलं गेलं का, तेवढं ओळखायचं. म्हणजे आपल्या कुकरच्या शिट्टीवेळी हवं असतं ते.

त्या एका बटणासाठी माइकट्रेने दुसरा रस्ता धरला होता. हुक लावून प्रत्येक बटण बघायचं आणि ते माइकचं आहे का ते तपासायचं. इथवर फार तर आळशीपणा म्हणू. पण बघितलेलं प्रत्येक बटण तो नोंदवूनही ठेवत होता आणि ती फाइल विंडोजच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये पडून होती. त्या संगणकावरचा कुठलाही वापरकर्ता, कुठलाही दुसरा प्रोग्राम ती उघडू शकत होता. तिच्यात बटणांचे क्रमांक असायचे, त्यावरून अक्षरं काढणं अजिबात कठीण नव्हतं. दर वेळी लॉगइन केल्यावर फाइल नव्याने सुरू व्हायची, त्यामुळे जुनं पुसलं जायचं हे खरं. पण संगणकाचा रोज बॅकअप घेणाऱ्या ऑफिसात जुन्या दिवसांच्या फाइली बॅकअपमध्ये जमा होत राहणार, हेही तितकंच खरं.

हे मुद्दाम केल्याचा पुरावा नाही, असं खुद्द मॉडझीरोनेच म्हटलं होतं. एचपीनेही सांगितलं, की चाचणीसाठी लिहिलेला भाग चुकून तसाच राहून गेला, आणि थोड्याच दिवसांत दुरुस्ती दिली. मला ते खोटं वाटत नाही. प्रोग्राम लिहिताना 'आपल्याला बटण नीट कळतंय ना' हे बघायला आलेलं सगळं एका फाइलमध्ये छापून बघणं, ही प्रत्येक प्रोग्रामरची सवय असते. पण पहिला रस्ता धरला असता, तर तीच विसरलेली ओळ फार तर 'माइकचं बटण दाबलं, माइकचं बटण दाबलं' एवढंच लिहीत बसली असती. पासवर्ड लिहायला तो कानावर तर पडायला हवा! चोर नसतानाही दार उघडं राहू शकतं, ते असं.

मग दुसरा रस्ता बंदच का करून टाकत नाहीत, असं तुम्ही विचाराल. कारण त्याची खरोखर गरज असणारेही आहेत. एनव्हीडीए हा दृष्टिहीनांसाठीचा मोफत प्रोग्राम घ्या. स्क्रीनवर काय आहे ते तो वाचून दाखवतो आणि भारतात अनेक दृष्टिहीन विद्यार्थी आणि कर्मचारी त्यावर काम करतात. त्याच्या आज्ञा इन्सर्ट किंवा कॅप्सलॉक धरून दुसरं बटण दाबलं की चालतात. विंडोजच्या वहीत इन्सर्ट धरून केलेल्या जोडीची नोंद करायची सोयच नाही. तिथे कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि विंडोजचं बटण एवढीच 'धरून ठेवायची' बटणं चालतात. शिवाय तुम्ही टाइप केलेलं अक्षर एनव्हीडीएने वाचून दाखवायचं, तर त्याला ते आधी कळायला हवं. इथे हुक लागणारच.

आपल्या मराठी टायपिंगचंही तसंच. इंदूर-बडोद्यापासून बंगळूरपर्यंत पसरलेल्या आपल्या वाचकांपैकी कितीतरी जण इंग्रजी बटणांवर उच्चार लिहून मराठी अक्षरं उमटवतात. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' लिहायचं आणि देवनागरी मिळवायचं. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला, तो हुकवाला असो वा नसो, प्रत्येक अक्षर बघावंच लागतं. त्यामुळे असा प्रोग्राम कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून उतरवू नका. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारांवरून लिहायचा कीबोर्ड आता आतच येतो. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडली की झालं.

रोजच्या वापरात मात्र पासवर्डची भीती क्वचितच जाणवते. जाणवतं ते भांडण. पहिल्या रस्त्याचा नियम आहे, आधी येईल त्याला. दोन प्रोग्रामनी एकच त्रिकूट मागितलं तर नंतर येणाऱ्याला विंडोज नकार देतं. समंजस प्रोग्राम तसं सांगतो, 'हा शॉर्टकट दुसऱ्याने घेतलाय, वेगळा निवडा.' बेफिकीर प्रोग्राम काहीच बोलत नाही. मग तुम्ही बटणं दाबत बसता आणि कीबोर्डला दोष देता. काल चालत होता, आज चालत नाही, याचंही कारण बरेचदा हेच असतं. काल हा आधी सुरू झाला होता, आज तो.

नोंद नेमकी कुणी घेतली आहे हे दाखवणारी यादी विंडोजमध्ये सरळ कुठेच मिळत नाही, ही मला मोठी उणीव वाटते. उपाय जुनाच. खाली कोपऱ्यात घड्याळाजवळ छोट्या चिन्हांच्या रूपात बसलेले प्रोग्राम एकेक करून बंद करायचे आणि दर वेळी शॉर्टकट दाबून बघायचा. ज्याला बंद केल्यावर चालू लागला, तो त्याचा धनी. हुकवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. आलेलं बटण पुढे सोडायला हुकने फार वेळ लावला, तर विंडोज त्याचा हुक गुपचूप काढून टाकतं आणि त्या प्रोग्रामला सांगतही नाही. सगळ्यांचं टायपिंग अडकून पडू नये, म्हणून. शिवाय समोर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालणारी खिडकी असेल तर साध्या प्रोग्रामच्या हुकला तिथली बटणं दिसतच नाहीत. एकाच खिडकीत शॉर्टकट रुसतो आणि बाकी सगळीकडे चालतो, असं झालं तर हे आठवा.

भांडणाचा एक खास आपला नमुना म्हणजे ₹. हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. 'इंग्लिश (इंडिया)' कीबोर्ड निवडलेला असेल तर उजवं ऑल्ट धरून ४ दाबलं की ते उमटतं. आता विंडोजची गंमत अशी, की अशा कीबोर्डवर उजवं ऑल्ट म्हणजे कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबल्यासारखंच धरलं जातं. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामने कंट्रोल-ऑल्ट-४ ची नोंद केली, तर तुम्ही ₹ लिहायला जाल आणि भलतंच काहीतरी होईल. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच्या साध्या अमेरिकी कीबोर्डवर तपासलेलं असतं, त्याला यातलं काही दिसलेलंच नसतं. कंट्रोल-ऑल्टची जोडी शॉर्टकटसाठी टाळा, असं जाणकार सांगत आले आहेत, पण ऐकतो कोण. जुन्या लॅपटॉपांवर कंट्रोल-ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की अख्खा स्क्रीन उलटा व्हायचा, ते आठवतं का? तो इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा ग्लोबल शॉर्टकट. कंट्रोल-ऑल्ट आणि वरचा बाण दाबला की सरळ. हे माहीत नसल्यामुळे मान वाकडी करून काम केलेले लोक कमी नसतील.

हा प्रकार विंडोजच्याही आधीचा आहे. डॉसच्या काळात संगणक एका वेळी एकच प्रोग्राम चालवायचा. १९८४ मध्ये बोरलँड कंपनीने साइडकिक नावाचा प्रोग्राम आणला. तो मेमरीत दबा धरून बसायचा आणि कंट्रोल-ऑल्ट दाबलं की चालू कामावर टिपणवही आणि कॅल्क्युलेटर घेऊन उगवायचा. त्यासाठी तो बटणांच्या वाटेतच जाऊन बसायचा. त्याचं बघून इतरही तसेच बसू लागले आणि एकमेकांना ढकलू लागले.

मॅकने या दोन रस्त्यांमध्ये फरक केला, आणि तो मला पटतो. ठरावीक शॉर्टकटची नोंद करणाऱ्याला तिथे वेगळी परवानगी लागत नाही. पण सगळीच बटणं ऐकायची असतील, तर २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून वापरकर्त्याची स्पष्ट परवानगी लागते. सेटिंगमध्ये 'इनपुट मॉनिटरिंग' नावाची यादीच आहे. घरी मॅक असेल तर एकदा उघडून बघा, कोण कोण बसलंय त्यात. लिनक्सवर जुन्या एक्स११ पद्धतीत कुणीही कुणाचीही बटणं ऐकू शकायचं. नव्या वेलँडने ते बंद केलं. तिथे आता ग्लोबल शॉर्टकट हवा असेल तर प्रोग्रामला डेस्कटॉपकडे रीतसर मागावा लागतो. त्यामुळे जुने काही प्रोग्राम एकाएकी बहिरे झाले आणि वापरणारे चिडले, पण तेवढी किंमत मोजण्यासारखी आहे असं मला वाटतं.

विंडोजवर एक त्रिकूट मात्र कुणालाच देत नाहीत. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. आयबीएमचे डेव्हिड ब्रॅडली यांनी पहिल्या पीसीच्या वेळी संगणक पुन्हा सुरू करण्यासाठी ते ठरवलं. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बटणं मुद्दाम लांब लांबची. पुढे १९९३ मध्ये विंडोज एनटीने त्याला लॉगइनचं काम दिलं. कुणी पासवर्डाची हुबेहूब खोटी पाटी स्क्रीनवर दाखवली, तरी हे त्रिकूट दाबल्यावर निरोप थेट विंडोजकडेच जातो. साधा प्रोग्राम त्याची नोंद करू शकत नाही आणि हुक लावूनही ते अडवू शकत नाही. बँकांमध्ये आणि सरकारी ऑफिसांत आजही लॉगइनआधी ही तीन बटणं दाबायला लावतात, ते उगाच नाही.

घरात कुणी प्रोग्रामिंग शिकत असेल तर हा परिच्छेद त्याला किंवा तिला वाचून दाखवा. पायथनमध्ये 'कीबोर्ड' नावाची लायब्ररी आहे. एका ओळीत ग्लोबल शॉर्टकट जमतो, म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ती फार दिसते. विंडोजवर ती हुक लावते, म्हणजे प्रत्येक बटण तुमच्या प्रोग्राममधून जातं. गंमत म्हणून ठीक, पण दुसऱ्याच्या संगणकावर चालणार असेल तर नोंदीचा रस्ता धरा. ऑटोहॉटकी हा प्रोग्राम तसंच करतो. जिथे नोंदीने भागतं तिथे नोंद, आणि भागत नसेल तिथेच हुक. इलेक्ट्रॉन वापरत असाल तर त्यात नोंदीची सोय तयार आहे. नोंद झाली की नाही याचं उत्तर ती देते, ते तपासा आणि नकार आला तर वापरणाऱ्याला सांगा. एफ१२ घेऊ नका, ते चुका शोधणाऱ्या अवजारासाठी राखीव आहे. विंडोजच्या बटणाच्या जोड्याही विंडोजने स्वतःसाठी ठेवल्या आहेत. आणि शॉर्टकट बदलायची सोय द्या. तुम्हाला सोयीचं त्रिकूट दुसऱ्याच्या ₹ वर बसलेलं असू शकतं.

ज्यांना प्रोग्रामिंगशी काही घेणंदेणं नाही, त्यांनाही विंडोजवर स्वतःचा ग्लोबल शॉर्टकट करता येतो. डेस्कटॉपवर एखाद्या प्रोग्रामचं शॉर्टकट चिन्ह असेल तर त्यावर उजवं क्लिक करा आणि प्रॉपर्टीज उघडा. 'शॉर्टकट की'च्या रकान्यात जाऊन एक अक्षर दाबा. विंडोज आपणहून त्याला कंट्रोल-ऑल्ट जोडतं. हो, तीच टाळावी अशी जोडी. म्हणून ४ सोडून दुसरं काहीतरी निवडा. आजोबांना कॅल्क्युलेटर शोधत मेनू चाळावा लागत असेल तर त्यांना हे करून द्या.

आता तुमच्या हातातला फोन. फोनवर एक अ‍ॅप समोर असताना मागच्या साध्या अ‍ॅपला तुम्ही काय टाइप करताय ते कळत नाही. अपवाद दोन. पहिला म्हणजे खुद्द कीबोर्डचं अ‍ॅप, कारण प्रत्येक अक्षर त्याच्यातूनच जातं. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड तसा इशाराही देतो. तो न वाचता आपण 'ठीक आहे' दाबतो, हा भाग वेगळा. आयफोन पासवर्डच्या रकान्यात बाहेरचा कीबोर्ड बाजूला सारून स्वतःचा आणतो. दुसरा अपवाद अँड्रॉइडवरची 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची परवानगी. ती खरं तर दिव्यांगांच्या सोयीसाठी आहे, पण फसवणूक करणाऱ्या अ‍ॅपनाही नेमकी तीच हवी असते.

लेख संपला की फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधायच्या जागी आधी 'कीबोर्ड' लिहा आणि चालू असलेल्या कीबोर्डांची यादी बघा. मग 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' लिहून तिथे कुठली अ‍ॅप चालू आहेत ते बघा. कुठल्यातरी सणाला रंगीत अक्षरांसाठी घातलेला आणि नंतर विसरलेला एखादा कीबोर्ड तिथे अजून चालू सापडला, तर तो बंद करा आणि अ‍ॅपही काढून टाका.